पक्षी पाणकणसात, फोटोत नुसतं पाणकणीस

चिखलपाय (रविवार, दुपार)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज नाइलाजाने धागा काढतोय.

मोकळ्यावरचे पक्षी मला बऱ्यापैकी जमतात. खंड्या, शेकाट्या, पाणकावळे, उडती बदकं, सगळं आहे संग्रहात. गाडी अडलीये ती तळ्याच्या काठच्या हिरव्या भिंतीपाशी. आत फटाकडी (चिखलातून चालणारा, लपून राहणारा छोटा पाणपक्षी) आहे हे नक्की, कारण रोज ओरडते. पिवळा बिटर्न (बगळ्याचा लपून राहणारा भाऊबंद) दोनदा या डोळ्यांनी पाहिलाय. गेले ११ रविवार उजाडायच्या आधी जाऊन बसतोय, ९०० च्या आसपास फोटो झालेत, त्यांतल्या एकातही पक्षी धड नाही. पात्यांचे मात्र इतके सुरेख फोटो आलेत की विचारू नका, एकेक शीर मोजून घ्यावी. मागे एक तपकिरी डाग. तो डाग म्हणजे फटाकडी हे फक्त मला माहीत.

सामग्री: फुल फ्रेम मिररलेस, १५०-६०० झूम (६०० ला एफ ६.३), पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस. हा डोळेवाला प्रकार पाणकणसाच्या बोंडाला खुशाल डोळा समजतो.

आज सकाळी तर हद्द झाली. उजाडता उजाडता फटाकडी पात्यांतून अर्धी बाहेर आली. लालसर पाय, शेपटी झटकत चिखलातून काहीतरी उपसून खात होती. माझ्यापासून पंधरा पावलं असेल. मी कॅमेरा डावीकडे वळवला, नुसता वळवला हो, आणि ती मागच्या पावली आत. पळाली नाही, उडाली नाही. दार लोटून घ्यावं तशी गेली.

दोष यंत्राचा, माझा की पक्ष्याचा?

अर्धीझोप

फोटो दिसत नाहीयेत.

चिखलपाय

दिसण्यासारखे नाहीत म्हणून टाकलेच नाहीत. :)

दुर्बीण

यंत्राला दोष देऊ नका, ते बिचारं सांगितलेलं काम करतंय. समोर सगळ्यात जवळ आणि सगळ्यात ठसठशीत रेषा कुठली? पात्याची. ते ती पकडतं.

पहिलं काम, अशा जागी डोळा-ओळख बंद. फोकसचा चौकोन मेनूत मिळेल तेवढा बारीक करा. आणि पाणकणसात डोळ्यावर नेम धरायच्या भानगडीत पडू नका. पक्ष्याचं जे काही फटीतून दिसतंय, छाती, पंखाची कड, पाय, त्यावर धरा. डोळा त्याच प्रतलात असला म्हणजे झालं. लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारी कळ असेल तर ती लावून ठेवा, नाहीतर एकदा फोकस चुकला की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येते आणि तोवर पक्षी घरी पोचलेला असतो.

आता थोडं गणित, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा. ६०० मिमी, एफ ६.३, अंतर १० मीटर: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १० सेंमी जाडीचा. ५ मीटरवर तोच अडीच सेंमी. वीतभर फटाकडी तुमच्याकडे तोंड करून उभी असेल तर चोच ते शेपूट ती त्यात मावतच नाही. म्हणून ती आडवी चालत असतानाच बटण दाबायचं.

चिखलपाय

म्हणजे एफ ११ किंवा १६ करू का, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) बारीक? पट्टा जाड होईल.

दुर्बीण

अजिबात नको! सगळे इथेच फसतात. मीही फसलो होतो.

६०० ला ६.३ ने भागा, साडेनऊ सेंमी येतात. तेवढ्या रुंद खिडकीतून तुमची लेन्स बघतेय. दीड सेंमी रुंदीचं पातं लेन्सला अगदी चिकटून आलं तर ते त्या खिडकीचा फार तर पाचवा हिस्सा झाकतं. उरलेला प्रकाश आजूबाजूने आत येतो, पक्षी दिसतो, पातं विरघळतं. फोटोवर हलकासा हिरवट पडदा येतो एवढंच. एफ १६ केलंत की खिडकी उरते पावणेचार सेंमी. आता तेच पातं निम्मा प्रकाश अडवतं आणि त्याचा पट्टा उमटायला लागतो.

पक्ष्याच्या नाकासमोरचं पातं मात्र कुठल्याही अ‍ॅपर्चरला विरघळत नाही, ते त्याच पट्ट्यात येतं. थोडक्यात, पातं अडवणारच असेल तर ते तुमच्याजवळ असू दे, पक्ष्याजवळ नको. मी तर मुद्दाम माझ्या बाजूच्या पात्यांना लेन्स टेकवून बसतो. लपणंही आपसूक होतं.

अर्धीझोप

हे आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शेरेमास्तर

छान चर्चा. एक शंका. धागाकर्ते ज्याला पाणकणीस म्हणतात ते पाणकणीसच आहे ना? मक्याच्या कणसासारखं तपकिरी मखमली बोंड, चपटी लांब पाती, ते पाणकणीस. देवनळ वेगळा: गोल कांड, बांबूसारखी पेरं, शेंड्याला तुरा, तीन-चार मीटर सहज वाढतो. लोक सरसकट सगळ्याला लव्हाळा म्हणतात, त्याचा त्रास होतो.

चिखलपाय

मास्तर, बोंड आहे. पण फोटोला काय फरक पडतो?

शेरेमास्तर

पडतो. पाणकणसाची पाती बुडापासूनच जुडगा करून वर येतात, म्हणजे बुडाशी गर्दी. त्यात जमिनीलगत लेन्स लावून काही दिसायचं नाही. दिसतं ते दोन जुडग्यांमधल्या फटीतून. जुन्या देवनळाच्या बेटात उलट असतं. खालची पानं वाळून गळालेली, बुडाशी नुसती कांडं, आणि त्या कांडांच्या जंगलातून पाणकोंबड्या, फटाकड्या आरामात फिरतात. तिथे जितकं खाली जाल तितकं आत दिसतं.

फटाकडी, रेल या मंडळींचं अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं अरुंद असतं. समोरून बघाल तर हा पक्षी की पुठ्ठा असं वाटेल. तुम्हाला जिथे भिंत दिसते तिथे त्यांना बोळ दिसतो.

लव्हाळी

मास्तर, माझ्या नावावर रोख नव्हता असं धरून चालते. ;)

चिखलपाय, तुम्ही धागा काढताना जे लिहिलंत त्यातच उत्तर आहे. "कॅमेरा वळवला." वळवायचाच नाही. तुम्ही पक्ष्यामागे जाताय, त्यानेच तुमच्या चौकटीत यायला हवं. हे वाक्य गुळगुळीत झालंय मला माहीत आहे, पण काम काय करायचं ते सांगते.

एक सकाळ कॅमेरा घरी ठेवा. खरंच ठेवा. वही आणि दुर्बीण घेऊन बसा आणि पक्षी कुठून निघतो, कुठे शिरतो तेवढं लिहा. हे पक्षी सवयीचे गुलाम. रोज तीच कड, तीच फट. ओल्या चिखलात बोटांचे ठसे बघा, विष्ठेचे पांढरे शिंतोडे बघा. दोन जुडग्यांमध्ये हातभर रुंदीची चिखलाची पट्टी असेल आणि तिच्यावर ठसे येताना-जाताना दोन्ही दिशांनी असतील तर ती तुमची जागा. पाणी उतरत असेल त्या दिवसांत तर अशा पट्ट्या रोज नव्या उघड्या पडतात, किडे-गोगलगायी वर येतात आणि एरवी आतच राहणारा पक्षी कडेला येतो.

दुसऱ्या दिवशी अंधारात जा, त्या पट्टीवर फोकस लावा, मॅन्युअल करून टाका आणि हात मांडीवर. पट्टी तुम्हाला आडवी हवी, उभी नको (दुर्बीण यांचे १० सेंमी आठवा). पक्षी तीन सेकंदांत ओलांडतो. ओलांडून गेला की उठू नका. तो वीस-पंचवीस मिनिटांनी परत येतो, बहुतेक वेळा तिथूनच.

एकटाकावळा

सहमत, पण एका गोष्टीवर भांडणार. हल्ली सगळीकडे "लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीत हवी" असा मंत्र झालाय. मोकळ्या चिखलावर ठीक. पाणकणसात लोटांगण घातलंत की तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये पात्यांच्या पाच रांगा येतात. मी बांधावर उभा राहून, मोनोपॉड लावून, वरून तिरकं बघतो. आतली पाण्याची गल्ली दिसते, पक्षी दिसतो. फोटो थोडा वरून आल्यासारखा वाटतो, वाटू दे. पक्षी नसलेल्या डोळ्याच्या पातळीपेक्षा बरा.

लव्हाळी

फोटो पुरावा म्हणून हवा असेल तर वरून काढा. फोटो म्हणून हवा असेल तर खाली बसा.

एकटाकावळा

ताई, हे थोडं लागलं. पण माझ्या बिटर्नच्या फोटोंपैकी बरे म्हणावेत असे दोन्ही वरूनच आहेत, त्यामुळे मत बदलणार नाही.

घाईत

एवढं कशाला? मोबाइलवर फटाकडीचा आवाज लावा, दोन मिनिटांत बाहेर. मी काढलेत असे.

लव्हाळी

ती फोटोसाठी बाहेर येत नाही, आपल्या हद्दीत दुसरी घुसली म्हणून भांडायला येते. अंडी-पिल्लं सोडून येते. घुसखोर सापडत नाही म्हणून शोधत राहते. तुम्ही फोटो घेऊन घरी जाता, मागून दुसरा मोबाइलवाला येतो. वर घिरट्या घालणारी घार हे सगळं बघत असते.

घाईत

एकदाच लावला होता.

एकटाकावळा

प्रत्येकाने एकदाच लावलेला असतो.

दुर्बीण

याच वर्गातली दुसरी खोड म्हणजे "जरा दोन पाती मोडून घेतली, पक्षी स्वच्छ दिसला." ती पाती घरट्याचं छत असतात. मोडलेल्या फटीतून लेन्सला दिसतं तसं कावळ्यालाही दिसतं. विणीच्या दिवसांत बेटाच्या आत पाय टाकायचा नाही, काठावरून मिळेल ते घ्यायचं. आणि घरट्याची जागा धाग्यात लिहायची नाही, कितीही प्रेमाने कोणी विचारलं तरी.

काचप्लेट

इथे म्हाताऱ्यांनाही परवानगी आहे असं गृहीत धरून लिहितो. ११ रविवारांचं दुःख वाचून एम्मा टर्नर आठवल्या. काचेच्या प्लेटांचा जमाना. या बाईंनी इंग्लंडमध्ये नॉर्फकच्या पाणथळ भागात वीसेक वर्षं काम केलं. हिकलिंग ब्रॉडवर स्वतःच आराखडा काढून बांधून घेतलेल्या हाउसबोटीत राहायच्या. बोटीचं नाव वॉटर रेल, कारण त्या पाण्यात त्यांनी पहिला फोटो काढला तो या पक्ष्याचा. म्हणजे आपल्या फटाकडीच्या भाऊबंदाचा! आम्ही वर्षानुवर्षं ज्याच्यामागे चिखल तुडवतो तो बाईंचा श्रीगणेशा.

ब्रिटनमध्ये १९व्या शतकाच्या अखेरीस बिटर्नची वीण थांबली होती. १९११ मध्ये बाईंनी नॉर्फकमध्ये बिटर्नच्या पिल्लाचा फोटो काढला आणि पक्षी परतल्याचा तो पहिला पुरावा ठरला. त्यासाठी त्यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. ना ऑटोफोकस, ना बर्स्ट. वर एकटाकावळा आणि ताई यांचं "पुरावा की फोटो" चाललंय, बाईंनी दोन्ही एका प्लेटेत बसवलं.

अवांतर: त्याच काळातल्या कीर्टन बंधूंनी पोकळ बैल करून त्याच्या पोटात बसून पक्ष्यांचे फोटो काढले होते. तुमचे छद्मरंगी तंबू त्यापुढे काहीच नाहीत.

शेरेमास्तर

पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये घुमणारे बिटर्नचे नर मोजले तर फक्त ११ भरले. कारण शिकार नव्हे. देवनळाची बेटं आतून सुकत चालली होती. दरवर्षीची वाळकी पानं तळाला साचतात, तळ वर येतो, पाणी सरकतं, झुडपं शिरतात. मासे नाहीत, बेडूक नाहीत, बिटर्न काय खाणार? मग तळ खरवडून खाली नेला, पाणी धरलं, आळीपाळीने नळ कापून गल्ल्या पाडल्या. आता नर २०० च्या वर गेलेत. नर मोजतात कसे, तर आवाजावरून. अन्ननलिका फुगवून खर्जात घुमतो, शांत हवेत पाच किलोमीटरवर ऐकू जातो. दिसत नाही तो नाहीच.

या कापलेल्या गल्ल्या फोटोवाल्यांच्याही कामाच्या. पक्ष्याला कधीतरी गल्ली ओलांडावीच लागते.

चिखलपाय

११ नर आणि माझे ११ रविवार. शुभशकुन समजतो.

बिटर्नबद्दल विचारायचं राहिलं. दोन्ही वेळा मी त्याला पाहिलं, त्याने मान वर ताणली आणि तो गायब झाला. उडाला नाही. मी तिथेच बघत होतो, तरी गायब.

लव्हाळी

तो तिथेच होता. चोच आकाशाकडे, मान पात्याइतकी बारीक, गळ्यावरच्या उभ्या रेघा पात्यांच्या सावल्यांत मिसळलेल्या. वारा असेल तर पात्यांबरोबर डोलतोही. मजा म्हणजे चोच वर असली तरी त्याचे डोळे खालच्या बाजूला वळलेले असतात. हनुवटीखालून तो तुमच्याकडेच बघत असतो. त्या वेळी दोन पिवळे ठिपके शोधायचे. एकाच उंचीवर दोन ठिपके दिसले की मान सापडते, मग सगळा पक्षी एकदम उभा राहतो. मला पहिल्यांदा सापडला तेव्हा मी दहा मिनिटं त्याच्या शेजारच्या पात्यावर फोकस करून बसले होते.

त्या अवस्थेत तो दहा-पंधरा मिनिटंही राहतो. तेव्हा १/१२५ शटर पुरतं, आयएसओ खाली आणा, निवांत काढा. फटाकडीला उलट, तिची मान आणि शेपूट एक क्षण स्थिर नसते, १/१००० च्या खाली जाऊ नका, आयएसओ ६४०० झाला तर होऊ दे. दाणेदार फटाकडी चालते, हललेली चालत नाही.

आणि मान ताणलेला पक्षी घाबरलेला असतो हे विसरू नका. चार फोटो झाले की नजर काढून घ्या, हळूच मागे व्हा. मान खाली करून पुन्हा शिकारीला लागतो तेव्हाचा फोटो शंभरपट चांगला येतो.

मंदप्रकाश

फार उशिरा आलो. दोनच गोष्टी. १) ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, लांबचे फोटो सगळे मऊ येतात आणि लोक लेन्स दुरुस्तीला देतात. लेन्स ठणठणीत असते, घरी जायची वेळ झालेली असते. २) गार खोलीतून निघालात की कॅमेरा बॅगेत तसाच बंद ठेवा, तळ्यावर जाऊन अर्धा तास थांबा, मग उघडा. माझी एक अख्खी सकाळ काच पुसण्यात गेलीये, आणि समोर शंकर पक्षी निळा गळा फुगवून बसलेला. पुसली की पुन्हा धुरकट, पुसली की पुन्हा धुरकट.

एकटाकावळा

वाऱ्याचंही लिहा कोणीतरी. वाऱ्याच्या दिवशी मी जातच नाही. छोटे वटवटे तर बुडाशी जाऊन बसतात. वारा पडलेला असेल तर मात्र एकच कांडं हललं तरी कळतं. बाकी सगळी स्तब्ध, एक थरथरतंय, म्हणजे त्याला कोणीतरी धरलंय. तिथे लेन्स लावून थांबायचं, वटवट्या चढत चढत वर येतो.

शेरेमास्तर

युरोपातल्या बिअर्डेड रीडलिंगची युक्ती राहिली. हा चिमणीएवढा पक्षी उन्हाळ्यात किडे खातो, हिवाळ्यात देवनळाचं बी. बी दळायला पोटात बारीक खडे लागतात, म्हणून शरद ऋतूत खडे वेचायला चक्क वाटेवर उतरतो. एरवी महिनोन्‌महिने न दिसणारा पक्षी तेवढे काही आठवडे उघड्यावर. इंग्लंडमधल्या लेटन मॉस या पाणथळ जागी तर त्यांच्यासाठी खड्यांचे ट्रे ठेवतात. सांगायचा मुद्दा, तो काय खातो ते कळलं की तो कुठे उघडा पडेल तेही कळतं.

चिखलपाय (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय.

पहिला रविवार वही घेऊन गेलो. कॅमेरा नाही म्हणून हात शिवशिवत होते, आणि अर्थातच फटाकडी समोर येऊन गेली, ऐटीत. पण जागा कळली: दोन जुडग्यांमधली दीड हात रुंदीची पट्टी, ठसे दोन्ही दिशांनी.

दुसरा रविवार. पट्टीवर फोकस, मॅन्युअल, हात मांडीवर. फटाकडी तीनदा ओलांडून गेली. पहिल्यांदा मी बघतच राहिलो, बटण दाबायचं राहिलं. दुसऱ्यांदा दाबलं, शटर १/२०० वर राहिलेलं. तिसऱ्यांदा १४ फोटो आले, त्यांत दोन लख्ख. एकात पाय उचललेला आहे आणि पायाच्या बोटावरून चिखलाचा थेंब गळतोय. तो थेंब मी घरी आल्यावर पाहिला. दुसऱ्यात चोचीवरून एक पातं आडवं गेलंय. सॉफ्टवेअरने पुसता येईल, पण पुसलं नाही. दुर्बीण, ते माझ्याजवळचं नाही, तिच्याजवळचं पातं आहे. तिचंच.

आज बिटर्नसाठी बसलो होतो. दोन तास काही नाही. मग उठताना गुडघा वाजला आणि समोर काहीतरी उभं झालं. आधी ते नव्हतं. पिवळे ठिपके शोधायला मला पाच मिनिटं लागली. चार फोटो काढले, नजर काढून घेतली आणि वाकून मागे सरकलो. तो मान खाली करेपर्यंत थांबायचा धीर झाला नाही, पायाला जळू लागली होती. एक फोटो खाली टाकलाय.

दुर्बीण

फोकस बरोबर बसलाय. अभिनंदन!

एकटाकावळा

उभं राहून काढलाय ना? उठताना? म्हणजे वरून. मी काही म्हणत नाही.

लव्हाळी

:) :)

शेरेमास्तर

उजवीकडचं एक कांड देवनळाचं आहे. तुमच्या तळ्यात दोन्ही आहेत तर.

अर्धीझोप

फोटो दिसला. पक्षी कुठाय?

चिखलपाय

डावीकडून तिसरं पातं. ते पातं नाही.